मानांकनाची पाटी खरी आहे, पण रात्री औषधांच्या कपाटाची चावी कुणाकडे असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोला सातवा महिना लागला आहे, पहिलंच बाळंतपण. घरापासून अकरा किलोमीटरवर तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे गेल्या वर्षी 'राष्ट्रीय गुणवत्ता मानांकनप्राप्त' अशी मोठी पाटी लागली, भिंती रंगवल्या, दारात कुंड्या आल्या. तुमची आई म्हणते तिथेच करू, सगळं मोफत आहे. सासरे म्हणतात सरकारीत नको, शहरात खासगीत न्या. आणि तुम्ही विचारताय, हे सरकारी मानांकन खरंच काही सांगतं, की साहेब येणार म्हणून केलेली रंगरंगोटी आहे?

मी सार्वजनिक आरोग्य विभागात सव्वीस वर्षं काढली. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक म्हणून, आणि शेवटची काही वर्षं याच मानांकनाची मूल्यमापक म्हणून. म्हणजे ही परीक्षा मी दिलीही आहे आणि घेतलीही आहे. नापासही झाले आहे, ते पुढे येईलच.

पाटी बहुतेक वेळा खरी असते. पण ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. अमुक दिवशी इथली व्यवस्था ठरवलेल्या मापात बसली, एवढंच ती सांगते. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते वेगळं: ज्या रात्री कळा सुरू होतील त्या रात्री तिथे कोण असेल, काय असेल, आणि जे नसेल ते किती वेळात मिळेल. या दोन गोष्टींमध्ये नातं आहे, पण सरळ रेषेत नाही.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. हिमोग्लोबिन किती, बीपी किती, साखर तपासली का, सोनोग्राफीत बाळ कसं आहे, जुळं आहे का. यात काही खटकण्यासारखं असेल, कार्डावर जोखमीचा लाल स्टिकर असेल, तर रुग्णालयाला शंभरपैकी शंभर गुण असले तरी तीस खाटांच्या ठिकाणी बाळंतपणाचा बेत करू नका. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता कक्ष एकाच आवारात असतील तिथे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जा. कार्डावर हे नीट लिहिलेलं नसेल तर येत्या ९ तारखेला तिला घेऊन जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. तुमचा निम्मा प्रश्न त्या कार्डावरच सुटेल.

कार्ड स्वच्छ असेल तर आता पाटीकडे वळू.

पहिलं म्हणजे पाटी कशाची आहे ते वाचा. गावात सगळ्याच पाट्यांना 'मानांकन' म्हणतात, पण निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कायाकल्प' १५ मे २०१५ ला सुरू झालं, स्वच्छ भारत मोहिमेच्या पाठोपाठ. त्यात स्वच्छता, कचरा, जंतुसंसर्ग नियंत्रण, आवाराची निगा हे तपासतात. दरवर्षी होतं, बक्षिसं मिळतात. 'एनक्यूएएस' ही २०१३ ची राष्ट्रीय मानकं. त्यांचा आवाका मोठा आहे: सेवा कोणत्या मिळतात, रुग्णांचे हक्क, मनुष्यबळ आणि साधनं, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती, अशी आठ क्षेत्रं. हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. आणि ११ डिसेंबर २०१७ ला आलेलं 'लक्ष्य', जे फक्त प्रसूतिगृह आणि प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाचं आहे. तुमच्या कामाचं हे तिसरं. माझा अनुभव असा की लोक कुंड्या आणि रंग बघून जे 'मानांकन' समजतात ते बहुतेकदा कायाकल्प असतं. वाईट मुळीच नाही, पण त्यावरून बाळंतपणाचा अंदाज बांधायचा म्हणजे हॉटेलचा फलक बघून भाजीला मीठ किती ते सांगण्यासारखं आहे. पाटीवर साल असतं, तेही बघा. तीन वर्षं उलटलेल्या पाट्या मी स्वतः पुसायला लावल्या आहेत.

आता हे गुण देतात कसे, ते जरा उलगडून सांगते, कारण खरं-खोटं कुठे घुसतं ते त्यातच दिसतं. प्रत्येक विभागाची चेकलिस्ट असते, त्यात शेकडो मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण: नाही, अर्धवट, पूर्ण. मूल्यमापक चार मार्गांनी खात्री करतो. डोळ्यांनी बघतो, कर्मचाऱ्यांना विचारतो, नोंदी वाचतो, रुग्णांशी बोलतो. एकूण सत्तर टक्के मिळाले आणि प्रत्येक विभागात, प्रत्येक क्षेत्रातही किमान गुण मिळाले की प्रमाणपत्र. ग्रामीण रुग्णालयाला खाटेमागे वर्षाला १०,००० रुपये मिळतात, म्हणजे तीस खाटांना तीन लाख. खडखडाट असलेल्या रुग्ण कल्याण समितीच्या खात्याला हे पैसे फार मोठे वाटतात. मलाही वाटायचे.

या गणितातला पहिला दोष असा की सगळे मुद्दे एकाच तराजूत पडतात. दिशादर्शक फलक स्थानिक भाषेत आहे का, याला दोन गुण. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन हाताशी आहे का, यालाही दोनच. फलक मराठवाड्यात कुणीही आठवड्यात रंगवून देतो. इंजेक्शन हाताशी ठेवायला शीतसाखळी, साठा, चावी आणि माणूस, चौघांचं जमावं लागतं. मग कुठलंही रुग्णालय आधी काय करेल? तेच जे कुणीही माणूस करेल. म्हणून ७८ टक्के हा आकडा ऐकलात की विचारायचं ते एवढंच, उरलेले २२ कशातले?

दुसरा दोष नोंदींचा. नोंद म्हणजे काम झाल्याचा पुरावा, असं आपण धरतो. पण नोंद करणं हे स्वतःच एक काम आहे, आणि मूळ कामाशिवायही ते करता येतं.

पार्टोग्राफचंच घ्या. कळा देणाऱ्या बाईचा आलेख असतो तो: गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके किती, कळा किती, बीपी किती. चार सेंटिमीटरपासून मांडायला लागायचं, रेषा उजवीकडे सरकायला लागली की समजायचं बाळंतपण अडतंय, वेळेत पुढे पाठवायचं. एका राज्यात मूल्यमापनाला गेले होते. फाइल उघडली, सुरेख आलेख. सगळे ठिपके एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने, एकाच तिरक्या ओळीत, जणू पट्टी लावून. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला १४०, १४२, १४०, १४२. पहाटे तीनचा ठिपका आणि सकाळी सातचा ठिपका सारख्याच निगुतीने काढलेला. खरा पार्टोग्राफ असा नसतो हो. त्यावर शाई पसरलेली असते, एखादा ठिपका खोडलेला असतो, मधे पेन बदललेलं असतं, एका कोपऱ्यात बीटाडाइनचा डाग असतो. मी सिस्टरला काही बोलले नाही. फक्त विचारलं, रात्री एकट्या किती बाळंतपणं केलीत? ती म्हणाली, चार, आणि खालच्या वॉर्डात सलाइनही मीच बघत होते. आलेख तिने सकाळी चहा घेता घेता काढला होता. तिचा तरी दोष किती सांगा? तिला कुणी विचारलंच नव्हतं की काम झालं का. विचारलं होतं, कागद भरला का.

फ्रीजच्या तापमानाचा तक्ताही तसाच. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४ अंश. मे महिन्यात, जिथे दिवसाला सहा तास वीज जाते, तिथेही ४ अंश.

आणि आता माझी गोष्ट. आम्ही पहिल्यांदा एनक्यूएएससाठी अंतर्गत मूल्यमापन केलं तेव्हा मीच चेकलिस्ट भरली होती. दोन, दोन, दोन. नव्वदीच्या घरात गुण. मनात खोट नव्हती, खरंच वाटत होतं की आपल्याकडे सगळं आहे. बाहेरून आलेल्या मूल्यमापक बाईंनी सफाईच्या मावशींना बोलावलं आणि विचारलं, रक्त सांडलं तर ब्लीचिंगचं पाणी कसं करता? मावशी धडाधड म्हणाल्या, लिटरभर पाण्याला तीन चमचे पावडर, आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, प्लास्टिकच्या बादलीत, रोज ताजं. मी खूश. तेवढ्यात मावशी पुढे म्हणाल्या, "पण पावडर संपून पंधरा दिवस झाले बाई, सध्या फिनाईलनंच पुसतोय." स्टोअरच्या रजिस्टरात पावडर होती. प्रत्यक्षात होती ती कुलपाआड, कारण भांडारपाल रजेवर होता आणि चावी त्याच्या घरी. सत्तरीलाही पोचलो नाही आम्ही.

ती चावी माझ्या डोक्यातून गेली नाही, कारण दोन महिन्यांनी पुन्हा चावीच आडवी आली. रात्रीचं बाळंतपण, बाळ ठीक, आणि बाईला रक्त थांबेना. बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची १० युनिट स्नायूत द्यायची असतात, ती दिली होती. पण ते इंजेक्शन ट्रेमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हाळ्याच्या तापलेल्या खोलीत किती दिवस पडलेलं होतं कोण जाणे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध. चांगला साठा फार्मसीच्या फ्रीजमध्ये, फार्मसीला कुलूप. १०८ बोलावली, सिस्टर पोटावर गर्भाशय चोळत गाडीत बसली, जिल्हा रुग्णालयात रक्त चढवलं, बाई वाचली. दुसऱ्या दिवशी मी कारकुनाला तीनशे रुपये देऊन चावीची दुसरी प्रत करून आणली. रात्रपाळीच्या सिस्टरकडे ती सोपवायची, रजिस्टरात सही करून. प्रसूतिगृहात छोटा फ्रीज यायला आणखी आठ महिने लागले, पण चावीचं काम एका दिवसात झालं. पुढच्या मूल्यमापनात त्या चावीला स्वतंत्र गुण नव्हते. माझ्या मते त्या वर्षात आम्ही केलेली सर्वात मोठी गुणवत्ता सुधारणा ती होती.

मग हे सगळं मोजमाप फुकट आहे का? मुळीच नाही, आणि इथे मला तुमच्या सासऱ्यांशी थोडं भांडायचं आहे.

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. जननी सुरक्षा योजना, आशाताई, १०२ आणि १०८ च्या गाड्या, या सगळ्यांनी बायकांना दारापर्यंत आणलं. पण दाराच्या आत काय, याचा हिशेब तोवर कुणी ठेवलाच नव्हता. मी नोकरीला लागले तेव्हाचं प्रसूतिगृह आठवते: एका टेबलावर दोघी, मधे पडदा नाही, फाटकं मेणकापड, आणि बाईवर ओरडणं हे तर आम्हाला कामाचाच भाग वाटायचं. "तेव्हा नाही ओरडलीस, आता का ओरडतेस" हे वाक्य मी माझ्या कानांनी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि थांबवलं नाही, याची लाज वाटते. लक्ष्यच्या चेकलिस्टमध्ये पडदा आहे, सोबतीला आई-सासू बसू देतात का हे आहे, बाईशी बोलतात कसं हेही आहे. 'सोबत बाई' हा मुद्दा आला तेव्हा आमच्या सिस्टर्स वैतागल्या होत्या, नातेवाईक मधे मधे करतील म्हणून. सहा महिन्यांत त्याच म्हणू लागल्या की आई शेजारी असली की पोरगी सांगितलेलं ऐकते. आणि परका माणूस खोलीत असला की आपलाही आवाज आपोआप खाली येतो, हे त्या बोलल्या नाहीत, पण दिसत होतं.

शिवाय महाराष्ट्राचं चित्र सासऱ्यांना वाटतं तेवढं भयंकर नाही. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत माता मृत्यूचं प्रमाण देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, महाराष्ट्रात ३३.

मात्र चेकलिस्ट आणली की मृत्यू कमी होतात, असंही मी तुम्हाला सांगणार नाही. उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर सुरक्षित प्रसूती चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला, निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आले. दीड लाखांहून अधिक बाळंतपणं. परिचारिकांना शेजारी बसून शिकवलं, तर हात धुणं, वेळेत इंजेक्शन देणं अशी कामं चांगलीच वाढली. पण माता-बालकांचे मृत्यू आणि आईच्या गंभीर गुंतागुंती मिळून मोजल्या तर जिथे प्रयोग केला तिथे १५.१ टक्के, जिथे नाही तिथे १५.३. म्हणजे फरक नाहीच. आणि शिकवणारे निघून गेल्यावर कामंही घसरू लागली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस गप्प होते. मग उमगलं ते असं: सिस्टरने सगळं बिनचूक केलं तरी अडलेल्या बाळंतपणाला सिझर लागतं, रक्तस्रावाला रक्त लागतं, न रडणाऱ्या बाळाला त्या एका मिनिटात श्वास देणारा पिशवी-मास्क चालवणारा सराईत हात लागतो. या तिन्ही गोष्टी चेकलिस्टच्या खोक्यात मावत नाहीत. चेकलिस्ट फार तर आठवण करून देते.

मोजणाऱ्याला फसवणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही, हे जाता जाता सांगते. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लावायचा असा सरकारी दंडक घातला, तर आकडेवारीत असं दिसलं की तीन तास पन्नास मिनिटांच्या सुमारास अचानक दाखल होणाऱ्यांची झुंबड उडते. घड्याळ बघून दाखल करत होते. काहींना वेळेत खाट मिळाली हेही खरंच.

आता तुमच्या कामाचं. पाटी बाजूला ठेवून तुम्ही स्वतः काय बघू शकता? मी मूल्यमापक म्हणून ज्या गोष्टींवर मनातल्या मनात भरवसा ठेवायचे, त्यातल्या बऱ्याचशा कुणालाही दिसतात.

एकदा रात्री जा. खरंच जा, साडेदहा-अकराला, काहीतरी निमित्त काढून. प्रसूतिगृहाच्या दारात कोण भेटतं? सिस्टर जागी आहे का, एकटी आहे की दोघी? डॉक्टर आवारातल्या क्वार्टरमध्ये राहतात की शहरातून येऊन-जाऊन करतात? विचारा की सिझरची वेळ आली तर इथे होतं का, रात्रीही होतं का, भूलतज्ज्ञ कुठून येतात. अनेक ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, आणि "बोलावल्यावर" याचा अर्थ वीस मिनिटंही असतो आणि दीड तासही. रक्त साठवण केंद्र आहे का तेही विचारा. उत्तर 'नाही' आलं तर घाबरून जाऊ नका. नाही म्हणणारी सिस्टर 'सगळं आहे' म्हणणाऱ्या सिस्टरपेक्षा जास्त विश्वासाची. तिला पुढचा प्रश्न विचारा: मग तुम्ही कुठे पाठवता, आणि गेल्या महिन्यात किती जणींना पाठवलं? जी पटकन सांगते, "तिघींना, एक बीपीची, एक अडलेली, एकीचं पाणी गेलं होतं," तिथे काम होतंय. वेळेत पुढे पाठवणं हे ग्रामीण रुग्णालयाचं सर्वात महत्त्वाचं कौशल्य आहे.

डोळ्यांनी बघायच्या दोन-तीन गोष्टी. बाळासाठी उष्णता देणारं यंत्र, रेडिएंट वॉर्मर, त्यावर फाइलींचा गठ्ठा आणि सिस्टरची पर्स आहे की ते मोकळं आहे? हात धुवायच्या बेसिनला पाणी येतं का आणि साबण आहे का? साबण झिजलेला हवा. कोरा करकरीत, आवरणातला साबण म्हणजे आज कुणीतरी येणार आहे. कचऱ्याच्या पिशव्यांमध्ये डोकावा: पिवळीत रक्ताने माखलेला कापूस, लालमध्ये सलाइनच्या नळ्या, सुयांसाठी पांढरा पारदर्शक डबा, काचेसाठी निळं. पिवळ्या पिशवीत बिस्किटाचे पुडे दिसले तर प्रशिक्षण कागदावरच झालंय. आणि वॉर्डाचा मागचा दरवाजा उघडतो का ते ढकलून बघा. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही रुग्णालयात गेले तरी आधी मागचं दार बघते. निम्म्या वेळा त्यापुढे मोडक्या खाटा रचलेल्या असतात.

सर्वात उपयोगी प्रश्न सगळ्यात साधा आहे: इथले डॉक्टर आणि मुख्य सिस्टर किती दिवसांपासून आहेत? प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, डॉक्टर एका वर्षाच्या बंधपत्रावरचा असतो, आणि कंत्राटी सिस्टरचं कंत्राट मार्चला संपतं. ज्या संघाने ते प्रमाणपत्र मिळवलं त्यातले किती जण आज तिथे आहेत? मी पाहिलं आहे, एक चांगल्या परिसेविका बदलून गेल्या आणि चार महिन्यांत प्रसूतिगृह जुन्या वळणावर आलं. पाटी तशीच. उलट पाटी नसलेली, पण बारा वर्षं एकच सिस्टर ठाण मांडून बसलेली आरोग्य केंद्रंही मी पाहिली आहेत, जिथे मी माझ्या मुलीला डोळे मिटून नेलं असतं.

खासगीबद्दल. तिथे आपोआप चांगलं असतं हा समज सोडा. पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्येही रात्री प्रशिक्षित सिस्टर नसू शकते, रक्त तिथेही बाहेरून आणावं लागतं. रुग्णालयांसाठी एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं 'मान्यता' नावाचं सोळा मानकांचं प्रमाणपत्रही आहे, पण दोन्ही ऐच्छिक. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. ती आहे का एवढं बघितलंत तरी मालकाचा स्वभाव कळतो. आणि सिझरचं प्रमाण विचारा. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशभरात खासगीतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३. खासगीतला आकडा मला जास्त वाटतो. सरकारीतला काही ठिकाणी गरजेपेक्षा कमी असेल, म्हणजे जिथे करायला हवं होतं तिथेही होऊ शकलं नसेल, हेही तितकंच काळजीचं.

तर माझं मत असं. कार्ड स्वच्छ असेल, पाटी 'लक्ष्य'ची आणि मुदतीतली असेल, रात्री सिस्टर जागी सापडली असेल, आणि सिझरची सोय असलेलं ठिकाण गाडीने अर्ध्या-पाऊण तासात असेल, तर मी तुमच्या आईच्या बाजूने. यातलं सिझरचं ठिकाण दीड तासावर असेल तर पहिल्या बाळंतपणाला मी सासऱ्यांचं ऐकेन, फक्त खासगीऐवजी जिल्हा रुग्णालय म्हणेन. तारखेच्या आठवडाभर आधी त्या गावात एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन राहिलात तर उत्तमच. दोन रक्तदाते आधी बोलून ठेवा, तिचा रक्तगट तुमच्या फोनमध्ये लिहून ठेवा.

तुम्ही शेवटी एक छोटा प्रश्न जोडला होता: केसपेपर काढताना मोबाइल नंबर घेतात आणि नंतर 'मेरा अस्पताल'चा मेसेज येतो, त्याला उत्तर देऊन काही होतं का? २०१६ पासून ही सोय आहे. आमच्याकडे काही महिने एकही तक्रार आली नाही, मी फुशारले होते. मग कळलं की नोंदणी खिडकीवरचा मुलगा गर्दीत वेळ वाचवायला बहुतेक रुग्णांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर टाकत होता, आणि संध्याकाळी बसून सगळ्यांच्या वतीने 'समाधानी' दाबत होता. तेव्हा खिडकीवर उभे राहून तुमचा खरा नंबर टाकला का ते बघा, आणि मेसेज आला की जे झालं तेच कळवा. बाळंतपण चांगलं झालं तरी कळवा. रात्रपाळीच्या सिस्टरचं नाव लक्षात ठेवून रुग्णालयाच्या तक्रारपेटीतही एक चिठ्ठी टाका. त्या पेटीची चावी मात्र बहुतेक वेळा अधीक्षकांकडेच असते.